टीईटीला सत्तावीस मार्क, वर्गात मात्र एकोणचाळीस म्हणजे ४९!

पाटीपेन्सिल

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

जिल्हा परिषदेच्या दोनशिक्षकी शाळेवर शिक्षणसेवक म्हणून लागून मला सव्वा वर्ष झालं. बीड जिल्ह्यातला डोंगरपट्टा, छोटी वस्ती, निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीला जाणारी. पहिली ते चौथी मिळून पट एकतीस, त्यातली दुसरी-तिसरी माझ्याकडे. पहिली-चौथी मोठे सर बघतात पण त्यांचे महिन्यातले किती दिवस बैठका, ऑनलाइन माहित्या आणि बीएलओगिरीत, म्हणजे मतदारयाद्यांच्या कामात, जातात ते इथल्या शिक्षकांना सांगायला नको, म्हणजे त्या दिवशी चारही वर्ग माझेच.

तर डीएलएडला (शिक्षक व्हायची पदविका) आणि नंतर टीईटीसाठी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेसाठी, बालमानसशास्त्र मी घोकून घोकून केलं होतं. दीडशेत तीस मार्कांचं असतं, मला सत्तावीस पडले. मुलाचा विचार कसा वाढतो त्याच्या पियाजेच्या चार अवस्था झोपेतून उठवलं तरी सांगेन, वायगॉट्स्कीचं निकट विकासाचं क्षेत्र, स्किनरचं प्रबलन (बक्षिसाने सवय पक्की करणं), ब्रूनर, एरिक्सन सगळं पाठ. कोहलबर्ग तर सोडूनच द्या. आणि वर्गात उभी राहिले की यातलं एक अक्षर कामाला येत नाही. पाठाच्या टाचणात 'ज्ञानरचनावादी पद्धतीने' (मूल स्वतः करून ज्ञान घडवतं ती) असं लिहिते आणि मला लहानपणी जसं शिकवलं तसंच शिकवते, खोटं कशाला बोलू.

परवाचंच सांगते. तिसरीतली एक मुलगी, चांगली चुणचुणीत आहे, तिला एकोणचाळीस लिही म्हटलं की ४९ लिहिते. दहा वेळा दुरुस्त केलं, दहा वेळा लिहून घेतलं, दुसऱ्या दिवशी परत ४९. त्रेपन्नला ३५ लिहिणारे तर चार-पाच जण आहेत. आणि एक पोरगा, तो गेल्या हंगामात आईबापाबरोबर कारखान्यावर होता, तिकडे कोपीवर (तोडकऱ्यांची झोपडी) वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या विकायचा. त्याला पाच रुपयाला पेंढी तर तेरा पेंढ्यांचे किती असं विचारलं की 'पासष्ट' म्हणून मोकळा, बोटंसुद्धा मोडत नाही. तेच फळ्यावर १३ गुणिले ५ असं उभं मांडून दिलं तर उत्तर ५१५! आणि त्याला त्यात काही वावगंही वाटत नाही.

तिसरं म्हणजे स्टार. बरोबर उत्तराला हातावर लाल पेनाने स्टार काढायला लागले, पहिले पंधरा दिवस काय तो उत्साह. आता नुसती गोष्ट वाचूया म्हटलं तरी 'मॅडम, किती स्टार देणार?'

तर अनुभवी लोकांना विचारायचंय की ही थिअरी खरंच कुणी वर्गात वापरतं का की ती परीक्षेपुरतीच आहे? वापरत असाल तर नेमकं काय करता, उद्या सकाळी परिपाठ झाल्यावर मी काय वेगळं करू? कृपया पुस्तकी सांगू नका, पुस्तकं माझ्याकडे आहेत.

जुना_खडू

पाटीपेन्सिल ताई, धागा एक नंबर. माझी सव्वीस वर्षं नोकरी झाली, सगळी प्राथमिकवरच. आम्ही डीएड केलं तेव्हा पियाजेला 'पिगेट' म्हणणारे सर होते आम्हाला, त्यामुळे तुमची सुरुवात आमच्यापेक्षा बरीच बरी आहे.

आधी त्या पोरीचं बघू. दहा वेळा दुरुस्त केलंत, पण ४९ का लिहिलं असं एकदा तरी तिला विचारलंत का? पैज लावून सांगतो ती काय म्हणेल ते. ती म्हणेल एकोणीसात नऊ आहे, एकोणतीसात नऊ आहे, म्हणजे एकोण म्हटलं की नऊ लिहायचा. आणि बेचाळीस ४२, पंचेचाळीस ४५, म्हणजे चाळीस म्हटलं की चार लिहायचा. झाले ४९. आता सांगा पोरीचं काय चुकलं? तिने स्वतःचं डोकं लावून नियम काढलाय आणि आपल्या मराठीने तिला तोंडघशी पाडलंय. तुम्ही परीक्षेत सात्मीकरण म्हणून जे लिहिलंत ना ते हे, नवीन आलेली गोष्ट आधीच्या चौकटीत बसवून टाकायची. ही चौकट दहा वेळा लिहून मोडत नाही, हात तेवढा दुखतो. चौकट मोडते ती तिच्या स्वतःच्या डोळ्यासमोर काहीतरी बसेनासं झालं की, आणि ते 'बसेनासं' घडवून आणणं हे आपलं काम.

मी काय करतो सांगतो. चाळीस काड्या, दहा-दहाचे चार गठ्ठे रबर लावून पोराच्या हातात. म्हणायचं, यातली एक मला दे. एक द्यायची तर एक गठ्ठा सोडावाच लागतो. तो सोडताना पोरं आधी जरा कुचमतात, कारण गठ्ठा मोडणं त्यांना जिवावर येतं. सोडला, एक काडी दिली, आता मोज. तीन गठ्ठे आणि नऊ सुट्ट्या. इथे गप्प बसायचं. खरंच गप्प बसायचं, मला हे शिकायला दहा वर्षं लागली. ते पोर बघतं काड्यांकडे, मग बघतं पाटीवरच्या ४९ कडे, आणि मग त्याच्या कपाळावर जी आठी पडते ती बघायला मी अजून नोकरी करतो असं समजा. त्यानंतर सांगायचं की एकोण म्हणजे एक ऊन, एक कमी. एकदा गोम कळली की पोरं एकोणपन्नास, एकोणसाठ स्वतःच काढतात. (एकोणनव्वदपर्यंत गाडी झकास जाते आणि मग नव्व्याण्णव येऊन घात करतो. त्यालाही पोरं हसतात, 'सर, हा का नाय एकोणशंभर?' याचं उत्तर माझ्याकडे नाही.)

त्रेपन्न ३५ चंही तसंच. ऐकू आधी 'त्रे' येतं, म्हणून आधी ३ लिहिलं जातं. तुम्हाला आठवत असेल, २०१९ ला बालभारतीच्या दुसरीच्या गणितात वीस एक, वीस दोन असं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता, विधानसभेपर्यंत विषय गेला. गणिताच्या समितीवर मंगला नारळीकर होत्या, त्यांचं म्हणणं एवढंच होतं की जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळे पोरांना गणिताची भीती बसते, दक्षिणेकडच्या भाषांत दशक आधी बोलतात तसं आपणही बोलून बघू. टीव्हीवर आरडाओरडा करणाऱ्यांपैकी कितीजणांनी दुसरीच्या वर्गात 'त्रेपन्न' सांगून पाट्या बघितल्या असतील देव जाणे. मी तेव्हापासून दोन्ही म्हणून घेतो, पन्नास तीन, त्रेपन्न. ३५ लिहिणारे बरेच कमी झाले.

आणि तुमच्याकडे काड्यांचे गठ्ठे म्हणूच नका. मोळी म्हणा! तुमच्या पोरांना मोळी बांधता येते, सोडता येते, डोक्यावर किती जड लागते ते माहितीय. दहाची एक मोळी, सुटी काडी ते टिपरू. ब्रूनर म्हणतो ना आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह, तर ते एवढंच आहे. काड्यांची मोळी, मग पाटीवर मोळीचं चित्र, मग अंक. आपण काय करतो, गणितपेटी कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकाकडे, आणि पोरं पहिल्या दिवसापासून थेट अंकावर. आणि पोरगं अंकावर अडलं तर परत मोळीवर यायला लाजू द्यायचं नाही, 'एवढा मोठा झालास आणि काड्या लागतात?' हे वाक्य बंद.

अजून एक, आणि हे मला कुणी शिकवलं नाही, वर्गातच कळलं. आपण पोराला परत विचारतो ना 'नक्की का?', तेव्हा पोरगं बरोबर उत्तरसुद्धा बदलतं. कारण त्याला माहितीय, सर परत विचारतात म्हणजे चुकलं. म्हणून मी बरोबर उत्तरालाही 'का' विचारतो आणि चुकीलाही, त्याच आवाजात. पहिला महिनाभर पोरं गोंधळतात, मग सवय होते.

रोखठोक

सगळं वाचलं. मी शिक्षक नाही, पालक आहे, तरी दोन शब्द. हा पियाजे स्वित्झर्लंडचा, त्याने बाळांबद्दल जे लिहिलं ते स्वतःच्या घरातली तीन पोरं बघून. तीन! एका वर्गात चार इयत्ता, खिचडीचा हिशोब आणि वर बीएलओ असं असतं तर पहिल्याच अवस्थेत राजीनामा दिला असता त्याने. आमच्या आजोबांनी पावकी, निमकी, दिडकी (पाव, अर्धा, दीडचे पाढे) पाठ करून घेतली, ते कुठलीही थिअरी न वाचता बाजारात तोंडी हिशोब करायचे. पाढे पाठ नाहीत आणि चालले ज्ञानरचना करायला. मध्यंतरी शाळाशाळांतून फरशीवर गोल-चौकोन रंगवायची साथ आली होती, आमच्याकडे वर्गणी काढून रंगवले, आता त्यावर पोरं जेवायला बसतात.

ओसरी

मी अध्यापक विद्यालयात मानसशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त. पाटीपेन्सिलला जे सत्तावीस मार्क पडले आणि उपयोग शून्य, त्यात आम्हा लोकांचा वाटा मोठा आहे हे आधी कबूल करते. आम्ही अवस्था आणि वयं पाठ करून घेतली, मूल बघायला शिकवलंच नाही.

रोखठोक, तुमची फरशीची गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. साताऱ्याच्या कुमठे बीटात (शिक्षण खात्याचा काही शाळांचा गट) ते काम झालं तेव्हा तिथल्या शिक्षिकांनी आधी मुलं कशी शिकतात यावर खूप डोकं घातलं होतं आणि त्यातून फरशीवर साहित्य आलं. २०१५ ला सरकारचा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र हा कार्यक्रम आला, राज्यभरातून बसेस भरभरून शिक्षक तिकडे बघायला गेले, आणि परत येताना बहुतेकांनी काय आणलं तर रंगाचे डबे. विचार तिथेच राहिला. तुमच्या आजोबांबद्दल म्हणाल तर त्यांना पावकी पाठ होती आणि रोज बाजारात ती वापरायला मिळत होती, त्यातला दुसरा अर्धा भाग आपण सोयीस्कर विसरतो.

तुमचा पेंढीवाला मुलगा वाचून मला ब्राझील आठवलं. रेसिफे शहरात रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा अभ्यास झाला होता, १९८५ मध्ये छापून आला. पाचच मुलं होती पण निकाल डोळे उघडणारा. गाड्यावर गिऱ्हाईक बनून विचारलं तर ९८ टक्के उत्तरं बरोबर, आणि तीच आकडेमोड कागदावर नुसती मांडून दिली तर ३७ टक्के. त्यातल्या एका बारा वर्षांच्या मुलाला विचारलं, ३५ चा एक तर दहा नारळ कितीला? तो म्हणतो तीनचे १०५, अजून तीनचे २१०, अजून चार पाहिजेत, ३१५, म्हणजे ३५०. दहाने गुणायचं तर शून्य लावायचं हे शाळेतलं ज्ञान त्याच्या डोक्यात फिरकलंच नाही, पण उत्तर पक्कं. आपल्याकडेही कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारात काम करणाऱ्या मुलांवर मोठा अभ्यास झाला, २०२५ मध्ये आला, तिथेही तेच दिसलं आणि उलटही दिसलं, म्हणजे शाळेतल्या मुलांना बाजारातलं जमत नाही. तेव्हा 'दुनियादारीतून गणित आपोआप येईल' हेही खरं नाही आणि 'शाळेतलं गणित बाहेर उपयोगी पडेल' हेही आपोआप होत नाही. मध्ये कुणीतरी पूल बांधावा लागतो, तो कुणी बांधायचा तर तुम्ही.

कसा? त्याला विचारा, पासष्ट कसे काढलेस. बहुधा म्हणेल दहा पेंढ्यांचे पन्नास, तीनचे पंधरा. हे त्याचे शब्द आहेत तसे फळ्यावर लिहा. १० पेंढ्या ५०, ३ पेंढ्या १५. मग शेजारी त्याचं उभं गणित मांडा आणि विचारा की तुझा १ कुठे गेला, तो एक आहे की दहा? ५१५ लिहिणारा मुलगा एककाचे पंधरा आणि दशकाचे पाच शेजारीशेजारी ठेवतोय एवढंच, त्याचा गुणाकार बरोबरच आहे. आणि मग हळूच विचारा, तेरा पेंढ्यांचे पाचशे पंधरा सांगितलेस तर गिऱ्हाईक काय म्हणेल? शाळेतल्या उत्तराला बाजारातली अक्कल लावून बघायची परवानगी असते हेच मुलांना माहीत नसतं हो.

वायगॉट्स्की म्हणतो ते निकट विकासाचं क्षेत्र हे, एकट्याने जमत नाही पण कुणी हात दिला की जमतं तेवढी पट्टी. यात एक दुरुस्ती, कारण टीईटीच्या गाईडांतून हे सर्रास चुकीचं छापतात. परांचीची कल्पना, इंग्रजी पुस्तकात स्कॅफोल्डिंग म्हणतात ती, वायगॉट्स्कीची नाही. तो १९३४ ला क्षयाने गेला, वय अवघं सदतीस. हा शब्द १९७६ मध्ये वुड, ब्रूनर आणि रॉस या तिघांच्या लेखातून आला, तीन ते पाच वर्षांच्या मुलांना लाकडी ठोकळ्यांचा पिरॅमिड रचायला मदत करणारी बाई नेमकं काय करते ते त्यांनी बघितलं होतं. आपल्याकडे बांधकामावर बांबूची परांची असते ना, ती बघून घ्या. भिंत वाळली की परांची उतरवतात. आपण वर्गात परांची बांधतो खरी, उतरवायची विसरतो, चौथीतल्या मुलालाही पहिलं अक्षर आपणच पुरवतो.

जुना_खडू, तुमच्या 'नक्की का' ला मोठा आधार आहे. पियाजे दोन ओळीत सारखी बटणं मांडायचा, मग एक ओळ लांब करायचा आणि परत विचारायचा कुठे जास्त. लहान मुलं लांब ओळीत जास्त म्हणायची, म्हणून तो म्हणाला यांना संख्येचं अक्षयत्व, म्हणजे मांडणी बदलली तरी संख्या तीच राहते हे, कळत नाही. १९७४ ला एडिंबरोला मॅकगॅरिगल आणि मार्गारेट डोनाल्डसन यांनी एक गंमत केली. ओळ बाईंनी लांब करण्याऐवजी एका खोडकर खेळण्यातल्या अस्वलाने येऊन विस्कटली. मोठ्या माणसाने मुद्दाम लांब केली तेव्हा शेकडा सोळाच्या आसपास मुलं बरोबर होती, अस्वलाने विस्कटली तेव्हा साठाच्या वर गेली. मुलं संख्येला नव्हती चुकत, बाईंच्या मनात काय आहे ते ओळखू बघत होती. पियाजे यामुळे रद्द होत नाही, पण 'हा मूर्त क्रियात्मक अवस्थेत (पियाजेची तिसरी, साधारण सात ते अकरा वर्षांची) नाही म्हणून याला येणार नाही' असं म्हणून जे शिक्षक हात झटकतात त्यांनी हे अस्वल लक्षात ठेवावं.

स्टारबद्दल थोडक्यात. १९७३ मध्ये अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी बालवाडीतल्या, स्केचपेनने चित्रं काढायची आवडच असलेल्या मुलांना आधी सांगून प्रशस्तिपत्र दिलं. पुढे मोकळ्या वेळात त्या मुलांनी स्केचपेनकडे इतरांच्या जवळपास निम्माच वेळ दिला. ज्यांना न सांगता अचानक बक्षीस मिळालं त्यांची आवड मात्र टिकली. म्हणून गोष्टीला स्टार नको, गोष्ट त्यांना तशीही आवडते. ज्याला हात लावायचीच इच्छा नाही त्या कामाला सुरुवातीला स्टार चालेल, मग विरळ करत न्यायचा. स्किनरला आपण उगाच खलनायक करतो. चुकलं की लगेच कळणं आणि छोट्या पायऱ्या, या त्याच्या दोन गोष्टी गुणाकाराच्या सरावाला आजही सोन्यासारख्या आहेत.

आणि दृश्य, श्राव्य, कृतिशील अशी मुलांची शैली ओळखून शिकवा असं कुठल्या प्रशिक्षणात सांगितलं तर मान डोलवा आणि सोडून द्या. २००८ मध्ये त्यावरच्या सगळ्या संशोधनाचा धांडोळा घेतला गेला, शैलीप्रमाणे शिकवल्याने जास्त येतं याला पुरेसा पुरावा सापडला नाही. गार्डनरच्या बहुविध बुद्धिमत्ता (बुद्धी एकच नसते, अनेक प्रकारची असते) म्हणजे हे नव्हे, असं खुद्द गार्डनरही सांगून थकला.

पाटीपेन्सिल

बापरे, एवढं सगळं! आठवडाभर काही लिहिलं नाही कारण आधी करून बघायचं ठरवलं.

जुना_खडू सर, पैज तुम्ही जिंकलात, शब्द न् शब्द. विचारलं तर ती माझ्याकडेच असं बघायला लागली की मॅडमला एवढंही कळत नाही, 'एकोण म्हंजी नऊच की ओ मॅडम.' मोळ्या आणल्या. वाळक्या तुरीच्या काड्या, वर्गात मुलांनीच सुतळीने बांधल्या आणि बांधताना अशी गाठ मारली की मला सोडताच येईना, त्यावरून पाच मिनिटं हसणं. चारातली एक मोळी सोडायची वेळ आली तर म्हणते, 'एका टिपरासाठी आख्खी मोळी सोडू?' मग मोजलं, एकोणचाळीस. पाटीवरचं ४९ पुसलं नाही तिने, बाजूला ३९ लिहिलं आणि दोन्हीकडे बघत बसली. मी गप्प बसले, सर, किती अवघड असतं ते! दुसऱ्या दिवशी एकोणसाठ बरोबर आलं. पण चार दिवसांनी एकोणसत्तर परत ७९. म्हणजे पक्कं नाही झालं अजून.

पेंढीवाल्याचंही ओसरी ताई म्हणाल्या तसंच निघालं, पन्नास आणि पंधरा. गिऱ्हाईक काय म्हणेल विचारल्यावर म्हणाला, 'मारील मॅडम.' आता तो उभं गणित झालं की स्वतःशीच पुटपुटतो, 'मारील का नाय?' आणि मग पुढचं करतो. स्टार गोष्टीपुरते बंद केले, दोन दिवस नाराजी होती, तिसऱ्या दिवशी कुणी विचारलंही नाही.

आता नवीन अडचण. आमच्या केंद्रात (आसपासच्या शाळांचा गट) मुलांचे वाचनाच्या पातळीप्रमाणे गट करायला सांगितलेत, प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. गट केले तर शिकवायला सोपं जातं हे खरं. पण चौथीतला एक मुलगा 'अक्षर'मध्ये दुसरीच्या पोरांबरोबर बसतो, तो आता वर्गात येतच नाही, हातपंपावर बसून राहतो.

कुरणातली

पाटीपेन्सिल, तो मुलगा 'स्वतःशीच पुटपुटतो' हे वाक्य तू सहज लिहून गेलीस पण मी तिथेच थांबले. त्याला गप्प करू नकोस हं! मी पालघरकडे बालवाडीचं काम करते, वीस वर्षं झाली, आणि पहिली दोन वर्षं मी पोरांना 'तोंड बंद, मनात म्हणा' असंच सांगायचे. पियाजेला वाटायचं लहान मूल स्वतःशी बोलतं ते आत्मकेंद्री असतं म्हणून, मोठं झालं की जातं. वायगॉट्स्की म्हणाला जात नाही, आत जातं. मूल आधी आपल्याशी मोठ्याने बोलतं, मग पुटपुटतं, मग मनात बोलतं, आणि त्यालाच आपण विचार म्हणतो. काम अवघड झालं की पुटपुटणं वाढतं, बघ तू. आमच्याकडे माती मळताना एक पोरगी अख्खं वारली बोलीतून स्वतःला सूचना देत असते, आणि मी मराठीत काही विचारलं की मुकी. तिला येत नाही असं मी कित्येक दिवस धरून चालले होते, चूक माझी. घरची भाषा वर्गात आली की निम्मी 'ढ' पोरं रातोरात हुशार होतात, तुझ्याकडच्या टिपरू आणि मोळीचंही तेच झालं.

आमच्या भागात हे काही नवीन नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ ला बोर्डीला काम सुरू केलं, १९५७ ला कोसबाडच्या टेकडीवर गेल्या, अनुताई वाघ बरोबर. पोरं शाळेत येईनात तर शाळा पोरांच्या अंगणात नेली, गुरं चारायला जाणाऱ्यांसाठी कुरणात. मॉंटेसरीचं साहित्य महागडं, तर शंखशिंपले, बिया, पानं वापरली. रोखठोक, तिकडचा विचार इकडच्या मातीत कसा रुजवायचा हे बघायचं असेल तर कोसबाडला एकदा चक्कर मारा, स्वित्झर्लंडपेक्षा जवळ आहे.

जुना_खडू

हातपंपावरच्या पोराबद्दल. पातळीप्रमाणे गट वाईट नाहीत, मी करतो. पण दिवसातला एक तास, बास. बाकी वेळ पोरगं चौथीतच. आणि गटाला पातळीचं नाव द्यायचं नाही. अक्षर गट, शब्द गट म्हटलं की पोरांना बरोबर कळतं कोण कुठल्या पायरीवर आहे ते. तुम्ही एरिक्सन पाठ केलाय ना, सहा ते बारा वयाचं काय लिहिलंत? उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड. ते हातपंपावर बसलंय.

त्याला काय येतं ते शोधा. माझ्याकडे असाच एक होता, वाचता येईना पण सायकलचं पंक्चर काढायचा. त्याला सांगितलं पंक्चर कसं काढायचं ते मला सांग, मी लिहितो. तो बोलला, मी लिहिलं, त्याच्याच शब्दात, सात ओळी. मग त्याला त्या सात ओळी वाचायला दिल्या. स्वतःचं बोलणं होतं, अर्धं पाठच होतं, पण बोट शब्दावर फिरलं की हो. नंतर तोच कागद पहिलीतल्या पोरांना वाचून दाखवायला त्याला पाठवला, आता तो अक्षर गटातला राहिला नाही, पंक्चरवाले सर झाला. दिवाळीपर्यंत परिच्छेदावर आला. सगळ्यांचं असं होतं असं नाही, दोघांचं माझ्याकडून काहीच झालं नाही, तेही सांगतो.

ओसरी

एकोणसत्तर परत चुकलं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस, जुनी चौकट आणि नवी चौकट बरेच दिवस शेजारीशेजारी नांदतात. चार दिवस, मग आठवडा, मग महिना असं अंतर वाढवत विचारत राहा.

आणि एक गंमत सांगते, करून बघ. लुरिया म्हणून वायगॉट्स्कीचा सहकारी १९३१-३२ ला उझबेकिस्तानात शेतकऱ्यांकडे गेला होता, वायगॉट्स्की स्वतः तब्येतीमुळे जाऊ शकला नाही. त्याने हातोडी, करवत, कुऱ्हाड आणि ओंडका अशी चित्रं दाखवून वेगळं काय ते काढायला सांगितलं. शेतकरी म्हणाले काहीच वेगळं नाही, ओंडका काढला तर करवत-कुऱ्हाडीने कापायचं काय? शाळेत गेलेल्यांनी ओंडका झटक्यात बाजूला काढला. तुझ्या वर्गात विचार असं काहीतरी, उत्तरं लिहून ठेव.

रोखठोक

पंक्चरवाले सर आवडले. बाकी माझं मत कायम आहे पण पाढ्यांबरोबर 'मारील का नाय' हेही घरी सुरू केलंय. कन्येने काल किराण्याचं बिल तपासून दुकानदाराची चूक काढली, तो आता माझ्याशी नीट बोलत नाही.

पाटीपेन्सिल

ओसरी ताई, केलं. बैल, घोडा, शेळी, गाडी, वेगळं ओळखा. स्वाध्यायपुस्तिकेच्या हिशोबाने उत्तर गाडी. माझ्या तिसरीतल्या नऊपैकी सहा जणांनी काढली शेळी! का विचारलं तर, 'शेळी कुठं गाडी वढती का मॅडम?' मी आधी दिली असती फुली आणि पुढे गेले असते. या वेळी दोघा गटांना एकमेकांना पटवायला सांगितलं, अर्धा तास भांडण, शेवटी एकजण म्हणाला, 'पुस्तकवाल्याला जिवंत-निर्जीव पाह्यजे, आपल्याला कामाचं पाह्यजे.' मला तर वाटलं याला टीईटीचे तीस मार्क देऊन टाकावेत. मोठे सर म्हणाले सगळं छान आहे मॅडम पण पुढे स्कॉलरशिपच्या पेपरात शेळीला मार्क कोण देणार? तेही खरंच. म्हणून आता आम्ही प्रत्येक प्रश्नाला 'पुस्तकवाल्याचं उत्तर' आणि 'आपलं उत्तर' अशी दोन्ही लिहितो.

हातपंपावरचा मुलगा परवा आत येऊन बसला, त्याच्याकडून शेळीला पाजायच्या काढ्याची कृती लिहून घेतलीय, पाचच ओळी झाल्यात. त्याची आजी आणि हंगामी वसतिगृह दोन्ही गावात आहे, तो राहील. पेंढीवाला नाही राहणार, दसरा झाला की त्यांची टोळी निघते, मुकादमाची उचल घेऊन झालीय. त्याला एक वही दिलीय, रोज किती पेंढ्या गेल्या आणि किती आले ते उभं मांडून लिहायचं म्हणून. वहीच्या पहिल्या पानावर त्याने स्वतःच १३ गुणिले ५ करून ठेवलंय, खाली ५१५ खोडलंय, ६५ लिहिलंय आणि बाजूला हातात काठी घेतलेला एक माणूस काढलाय.